टॉरेंट, आयपीएफएस आणि जुने दिवाळी अंक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पाच जण जुने दिवाळी अंक, मासिकं आणि हक्कातून मोकळी झालेली मराठी पुस्तकं स्कॅन करतो आणि टॉरेंट व आयपीएफएस या फाइली वाटायच्या दोन पद्धतींनी त्यांच्या प्रती एकमेकांच्या घरच्या मशीनवर ठेवतो. एक सांगलीला, मी धरून दोघं डोंबिवलीत, एक म्हापशात आणि एक न्यू जर्सीत. मधे सर्व्हर नाही, वर्गणी नाही, कार्यालय तर नाहीच. नवीन माणूस आला की तेच प्रश्न विचारतो आणि फोनवर तेच तेच सांगून माझा घसा बसतो. म्हणून एकदाचं लिहून काढलं.

टॉरेंट म्हणजे चोरीचे सिनेमे ना?

हे विचारताना लोक हमखास आवाज खाली घेतात. टॉरेंट ही फाइल पोचवायची एक पद्धत आहे, एवढंच. उबुंटू, डेबियन, लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरांचे टॉरेंट ती मंडळी स्वतःच देतात. जुनी पुस्तकं आणि वेबसाइटी जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने ऑगस्ट २०१२ मध्ये आपल्याकडच्या दहा लाखांहून जास्त गोष्टी टॉरेंटने खुल्या केल्या. चोरीचा मालही याच वाटेने जातो हे खरंच आहे. पण एसटीच्या टपावरून कोण काय नेतं, यावरून कोणी एसटीला बेकायदा ठरवत नाही. आम्ही काय घेतो आणि काय नाही, ते खाली कायद्याच्या प्रश्नात आहे.

ड्राइव्हवर टाकून लिंक दिली की काम भागतं. एवढा खटाटोप कशाला?

आज भागतं. अडचण दहा वर्षांनी येते.

३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. तिथल्या मराठी कम्युनिटींमध्ये कविता टाकणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या उतरवून घेतल्या होत्या? याहू ग्रुप्सवरचा जुना मजकूर २०१९ च्या शेवटी काढायला घेतला आणि १५ डिसेंबर २०२० ला सेवाच गुंडाळली. लोकांच्या घरगुती वेबसाइटी फुकट ठेवणारं जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद पडलं, पण आर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांच्या टोळीने त्याची जमेल तेवढी नक्कल मारून ठेवली होती. पुढच्या वर्षी त्यांनी ती वाटली ती टॉरेंटनेच, साधारण ६४० जीबी.

ड्राइव्हचं म्हणाल तर ती लिंक एका माणसाच्या खात्याला बांधलेली असते. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून हटवू लागलं आहे. खातेदार वारला, पासवर्ड कोणाला ठाऊक नाही, मुलांना त्या फोल्डरचा पत्ता नाही, की सगळं गेलं. व्हॉट्सअ‍ॅपबद्दल तर बोलायलाच नको. तिथून आलेल्या फोटोत जोडाक्षरं मुंगीएवढी होतात.

मग मोठ्या संस्थांचं काय? इंटरनेट आर्काइव्ह आहे की.

आहे, आणि आम्हीही तिथे ठेवतो. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची जुनी साइट बंद पडल्यावर तिथली लाखो पुस्तकं वाचायला मिळत राहिली ती आर्काइव्हवर प्रती होत्या म्हणून. पण ऑगस्ट २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या पायरसीविरोधी आदेशात आर्काइव्हचंही नाव आलं आणि काही दिवस भारतातून साइट उघडेना. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ला झाला, तेव्हा तर जगभर कोणालाच उघडेना. त्या आठवड्यात न्यू जर्सीच्या मित्राने एक अंक मागितला आणि तो सांगलीच्या लॅपटॉपवरून त्याच्याकडे गेला. एका संस्थेच्या जोडीला पाच घरं असावीत, इतकंच आमचं म्हणणं आहे.

नेमकं चालतं कसं?

एक अंक घेऊन गणित मांडतो. २०० पानांचा दिवाळी अंक. ए-फोर आकाराचं पान ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलं आणि न दाबता टिफमध्ये ठेवलं तर एक पान सुमारे २६ एमबी होतं. म्हणजे अख्खा अंक सव्वापाच जीबी. सांगलीच्या ताईंचा अपलोडचा वेग १० एमबीपीएस. एकाला पाठवायला सत्तरेक मिनिटं. आम्हा चौघांना एकामागून एक पाठवायचं तर पावणेपाच तास लाईन जाम.

टॉरेंटमध्ये ताईंचं सॉफ्टवेअर आधी त्या सव्वापाच जीबीचे तुकडे पाडतं. ४ एमबीचा एक असे साधारण साडेबाराशे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याचा एक ठसा, म्हणजे हॅश, काढतं आणि ठशांची ती यादी एका छोट्या फाइलीत लिहितं. हीच टॉरेंट फाइल. आपल्या उदाहरणात ती जेमतेम २५ केबी भरते, कारण तिच्यात अंक नसतो, फक्त ठसे असतात. ही फाइल आमच्याकडे आली की आमची मशीन्स तुकडे मागायला लागतात. मला ताईंकडून सातवा तुकडा आला, म्हापशाला नव्वदावा आला, की आम्ही दोघं आपसात अदलाबदल करतो. ताईंना प्रत्येक तुकडा साधारण एकदाच बाहेर पाठवावा लागतो. पंगतीत जेवायला बसलेल्यानेच शेजारच्या पानात वाढावं, तसा प्रकार.

ज्याच्याकडे सगळे तुकडे आहेत आणि जो देत राहतो, तो सीडर. ज्याचं अजून पुरं व्हायचंय तो पीअर. त्याला लीचर असंही म्हणतात, पण लीच म्हणजे जळू, आणि स्वतःहून आलेल्या माणसाला जळू म्हणणं मला काही पटत नाही.

यात दोन युक्त्या आहेत आणि दोन्ही ब्रॅम कोहेन या प्रोग्रामरने २००१ मध्ये ही पद्धत काढली तेव्हाच्या. पहिली: ज्या तुकड्याच्या प्रती सगळ्यात कमी, तो आधी मागायचा. ताईंकडची वीज मध्येच गेली तरी आम्हा चौघांकडे मिळून सगळे तुकडे असण्याची शक्यता त्यामुळे वाढते. दुसरी: जो देतो त्याला आधी द्यायचं. ही का लागली? फाइली वाटायच्या आधीच्या ग्नुटेला नेटवर्कचा २००० साली अभ्यास झाला, त्यात जवळजवळ ७० टक्के लोक एकही फाइल देत नव्हते. नुसते जेवून उठत होते.

मॅग्नेट लिंक म्हणजे काय?

टॉरेंट फाइलीचाही ठसा काढता येतो. तो ४० अक्षरांचा असतो आणि मॅग्नेट लिंकमध्ये मुख्यतः तोच असतो. तुमचं मशीन नेटवर्कला विचारतं, हा ठसा कोणाकडे आहे? ज्यांच्याकडे असेल त्यांच्याकडून आधी यादी येते, मग तुकडे.

हे विचारायचं कोणाला, हा पूर्वी कळीचा प्रश्न होता. गाणी वाटायच्या नॅपस्टर या सेवेत फाइली लोकांच्या घरी होत्या पण सूची एकाच ठिकाणी होती. जुलै २००१ मध्ये ती सूची थांबली आणि अख्खं नॅपस्टर थांबलं. टॉरेंटमध्येही सुरुवातीला ट्रॅकर नावाचा मधला सर्व्हर लागायचा, आजही बरेच जण वापरतात. पण आता सूचीच वाटलेली असते. प्रत्येक मशीन थोडे थोडे पत्ते सांभाळतं. याला डीएचटी म्हणतात आणि त्यामागची कॅडेम्लिया ही रचना २००२ ची आहे. आमच्या गटाला ट्रॅकर नाही, काही अडलेलं नाही.

हॅशवर एवढा भरवसा का?

फाइलीतलं एक अक्षर हललं तरी हॅश पूर्ण बदलतो, म्हणून. त्यामुळे तुकडा अनोळखी माणसाकडून आला तरी चालतं. ठसा जुळला तर घ्यायचा, नाही तर फेकायचा.

आमच्याकडे घडलेली गोष्ट. डोंबिवलीच्या दुसऱ्या मित्राला एका अंकातलं एक पान आडवं दिसलं. त्याने फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये ते सरळ केलं, सेव्ह झालं. दोन दिवसांनी त्याने सगळा अंक पुन्हा तपासायला लावला तर ९९.८ टक्के. मशीनने निमूटपणे ते तुकडे आमच्याकडून परत ओढले आणि पान पुन्हा आडवं करून ठेवलं. त्याने परत सरळ केलं. मशीनने परत आडवं केलं. असं तीनदा झाल्यावर त्याचा मला फोन आला की कॉम्प्युटरला बाधा झालीये.

हाताने उतरवलेल्या पोथ्यांत ही सोय नव्हती. ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये पाठभेद शिरत गेले, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यापुढे कोणी आपली ओवी घालेल तर ती अमृताच्या ताटात ठेवलेली नरोटी, म्हणजे करवंटी, असं बजावलं. हॅशला नरोटी लगेच कळते. पण मूळ पाठ शुद्ध आहे की नाही, हे त्याला कळत नाही. स्कॅन करताना पानावर अंगठा आला असेल तर हॅश तो अंगठाही तितक्याच इमानाने जपतो. म्हणून आमचा नियम: टॉरेंट बनवायच्या आधी दुसऱ्या माणसाने एकेक पान बघायचं. कंटाळवाणं काम आहे. सुटका नाही.

तांत्रिक चौकशी करणाऱ्यांसाठी: जुन्या टॉरेंटमध्ये हॅश काढायला एसएचए-१ ही पद्धत वापरतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगल आणि ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने एकच एसएचए-१ ठसा असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ करून दाखवल्या. टॉरेंटच्या दुसऱ्या आवृत्तीत एसएचए-२५६ ही नवी पद्धत आहे. नवे टॉरेंट बनवताना आम्ही दोन्ही आवृत्त्यांना चालणारा संकर प्रकार निवडतो.

आयपीएफएस वेगळं काय करतं?

नेहमीचा वेबचा पत्ता जागा सांगतो: अमक्या सर्व्हरवर, तमक्या फोल्डरात. आयपीएफएसचा पत्ता वस्तू सांगतो. वस्तूच्या हॅशवरून सीआयडी नावाचा पत्ता बनतो आणि ती ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून येते. हुआन बेनेट यांच्या प्रोटोकॉल लॅब्सने २०१५ मध्ये हे लोकांपुढे आणलं.

आम्हाला त्यात दोन गोष्टी आवडल्या. टॉरेंटमध्ये प्रत्येक संच वेगळा सुभा असतो. तोच लेख दोन टॉरेंटमध्ये असला तरी जुन्या पद्धतीत त्यांची एकमेकांशी ओळख नसते. आयपीएफएसमध्ये सगळ्यांचं मिळून एकच नेटवर्क आहे. आणि ज्याला काही बसवायचं नाही त्याला गेटवे नावाच्या मधल्या वेबसाइटीमार्फत साध्या ब्राउझरमध्ये फाइल उघडता येते. सांगलीच्या वाचनालयातल्या आजोबांना मी क्यूबिटटॉरेंट हे टॉरेंटचं सॉफ्टवेअर बसवा म्हणून सांगू शकत नाही. लिंक पाठवू शकतो.

एक खोच लक्षात ठेवा. तोच फोल्डर दोघांनी वेगवेगळ्या सेटिंगने टाकला, उदाहरणार्थ तुकड्यांचा आकार बदलला, तर सीआयडी वेगळे येतात. आम्ही पहिले दोन महिने हा घोळ घालत होतो आणि एकाच अंकाचे तीन पत्ते फिरत होते.

आयपीएफएसवर टाकलं म्हणजे कायमचं राहिलं ना?

नाही हो. हा गैरसमज इतका पसरलाय की उत्तर मोठ्या अक्षरांत छापून भिंतीला लावावं.

आयपीएफएस तुम्हाला पत्ता देतं. जागा देत नाही. तुम्ही फाइल टाकली म्हणजे ती तुमच्याच हार्ड डिस्कवर राहिली आणि नेटवर्कवर एक नोंद गेली की ही वस्तू यांच्याकडे मिळेल. ती नोंदही ४८ तासांत शिळी होते. म्हणून सॉफ्टवेअर दर २२ तासांनी पुन्हा दवंडी पिटतं. मशीन आठवडाभर बंद ठेवलंत तर पत्ता बरोबर, दारावर कुलूप.

दुसऱ्या कोणी ती फाइल बघितली तर त्याच्याकडे तात्पुरती प्रत राहते, पण जागा कमी पडली की साफसफाईत ती जाते. जाऊ नये असं वाटत असेल तर पिन करावी लागते, म्हणजे ‘ही पुसू नको’ अशी खूण करावी लागते. आपली घरी, मित्रांची त्यांच्या घरी, किंवा पैसे देऊन पिनिंग सेवेकडे. फुकट सेवांच्या भरवशावर राहू नका. त्यांची धोरणं आपल्याला विचारून बदलत नाहीत.

आता चांगली बाजूही सांगतो. २९ एप्रिल २०१७ ला तुर्कस्तानने विकिपीडिया बंद केला. काही दिवसांतच तुर्की विकिपीडियाची एक प्रत आयपीएफएसवर ठेवली गेली. बंदी जानेवारी २०२० मध्ये उठली. मधल्या काळात ती प्रत मिळत राहिली ती लोकांनी पिन केली म्हणून. ती एका दिवसाची गोठवलेली प्रत होती, तिच्यात नवं काही लिहिता येत नव्हतं, हेही खरं.

फाइलकॉइन, आर्वीव्ह वगैरे?

फाइलकॉइनमध्ये पैसे देऊन ठरावीक मुदतीसाठी जागा घ्यायची आणि साठवणाऱ्याने वेळोवेळी पुरावा द्यायचा की माल शाबूत आहे. आर्वीव्हमध्ये एकदाच पैसे भरायचे. कल्पना हुशारीच्या आहेत. पण दोन्हीकडे व्यवहार क्रिप्टोत, आणि आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर, वर १ टक्का टीडीएस. जुन्या अंकांसाठी सीए गाठायची आमची तयारी नाही.

कायद्याने काय टाकता येतं?

मी वकील नाही. आम्ही पाळतो तो हिशेब सांगतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले. ६० वर्षं १९५१ पासून मोजायची. ती २०१० अखेर संपली आणि १ जानेवारी २०११ पासून त्यांचं हयातीत छापलेलं लेखन मोकळं झालं. लेखक गेल्यावर प्रथमच छापलं गेलेलं किंवा निनावी लेखन असेल तर ६० वर्षं प्रकाशनापासून.

दिवाळी अंकांत खरी गोची होते. अंक १९५६ चा असला म्हणून अख्खा अंक मोकळा होत नाही. एका कथेचा लेखक १९६० मध्ये गेला, ती चालेल. मुखपृष्ठाचा चित्रकार १९९१ मध्ये गेला, ते चालणार नाही. व्यंगचित्रकार अजून हयात असतील तर विचारायचं. आम्ही प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका घेऊन समोर मृत्यूचं साल लिहितो. जिथे साल मिळत नाही ती पानं जाहीर संचात घेत नाही. वारसांना पत्र लिहिलं तर बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, असा अनुभव आहे. एका काकूंनी तर वर घरचे चार अंक दिले आणि चकल्याही.

देशागणिक हिशेब बदलतो. अमेरिकेत जुन्या प्रकाशित साहित्याला साधारणपणे प्रकाशनापासून ९५ वर्षं लागतात, त्यामुळे न्यू जर्सीच्या मित्राच्या मशीनवर सगळं नसतं. आपल्या कायद्यात कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. ‘कोण बघतंय’ या तत्त्वावर चालणाऱ्यांनी आमच्यात येऊ नये.

सार्वजनिक वाचनालय चालवत असाल तर एक चांगली बातमी: २०१२ च्या दुरुस्तीनंतर, व्यापारी नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडे छापील असलेल्या पुस्तकाची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवता येते. ती नेटवर्कवर वाटायची परवानगी मात्र त्यात येत नाही.

माझा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, सगळ्यांना दिसतो?

दिसतो. टॉरेंटमध्ये बाकीच्या पीअर्सना, आयपीएफएसमध्ये पत्ता विचारणाऱ्या कोणालाही. विकेंद्रित म्हणजे निनावी असा अर्थ होत नाही.

चुकून काहीतरी टाकलं. काढता येईल?

तुमच्या मशीनवरून येईल. लोकांच्या मशीनवरून नाही. आधार कार्ड, सातबारा, आजीचं मृत्युपत्र असलं काही या वाटेने पाठवू नका.

मग घरचे फोटो, आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेटी यांचं काय करू?

त्यासाठी सिंकथिंग हे सॉफ्टवेअर. यात फक्त तुम्ही ओळख पटवलेल्या मशीन्समध्येच फाइली फिरतात, बाहेर कोणाला दिसत नाहीत. पुण्यातलं घरचं मशीन, नाशिकची बहीण आणि पुतण्याचा लॅपटॉप एवढं पुरतं. फक्त एक ध्यानात ठेवा: सिंकथिंग इमानदार आहे. पुतण्याने फोल्डर डिलीट केला तर तो सगळीकडे डिलीट करेल. सेटिंगमध्ये जुन्या आवृत्त्या ठेवण्याची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करा, आणि एक हार्ड डिस्क वेगळी कपाटात ठेवा.

डाउनलोड शून्यावर अडकलंय.

एक तर कोणी सीडर चालू नाही, किंवा तुम्ही दोघंही नॅटच्या मागे आहात. मोबाइल इंटरनेटवर आणि बऱ्याच ब्रॉडबँडवर कंपनी अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी देते, ते हे नॅट. सोसायटीच्या गेटला एकच बेल असावी आणि वॉचमनला कुठल्या फ्लॅटची ते कळू नये, तशी गत होते. तुम्ही बाहेर जाऊ शकता, बाहेरचा माणूस तुमच्यापर्यंत येत नाही. दोघांपैकी एकाचं दार तरी बाहेरून उघडणारं लागतं.

उपाय: राउटरमध्ये आयपीव्ही-६ (प्रत्येक मशीनला स्वतःचा पत्ता देणारी नवी पद्धत) चालू आहे का बघा. भारतात ते बऱ्यापैकी पसरलंय आणि पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. नाही तर कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागा आणि राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडा. कस्टमर केअरला हे समजावून सांगताना चहा हाताशी ठेवा.

फाइलींना मराठी नावं देऊ ना?

मनापासून वाटतं द्यावीत, पण देत नाही.

लिनक्समध्ये फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायचं चिन्ह ही सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपवायचं. विंडोजवर मर्यादा २५५ चिन्हांची आहे, म्हणून तिथे बनवलेला लांबलचक नावाचा फोल्डर सांगलीच्या लिनक्स लॅपटॉपवर उतरेचना.

दुसरी भानगड जास्त वाईट आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. ‘ॲ’ आणि ‘अ‍ॅ’ यांचंही तेच. शोधताना फाइल समोर असूनही सापडत नाही, आणि नावातला हा फरक टॉरेंटचा ठसाही बदलतो. म्हणून फाइलीचं नाव रोमन अक्षरं आणि आकड्यांत, आणि खरं मराठी नाव, लेखक, साल, पृष्ठं हे सगळं सोबतच्या साध्या टेक्स्ट यादीत.

१९९० च्या दशकातल्या श्रीलिपी किंवा शिवाजी फाँटातल्या फाइली असतील तर त्या तशाच ठेवा, शेजारी पीडीएफ आणि जमलं तर युनिकोड प्रत ठेवा. नुसती मूळ फाइल उघडली तर पुढच्या पिढीला फक्त रोमन अक्षरांची भेळ दिसेल.

चूक दुरुस्त करायची असेल तर?

टॉरेंट बनला की गोठला. दुरुस्ती म्हणजे नवा टॉरेंट, नवा ठसा. आम्ही नावाला आवृत्तीचा आकडा लावतो आणि जुना टॉरेंट सहा महिने चालू ठेवतो. त्या आडव्या पानाची आता दुसरी आवृत्ती आहे. आयपीएफएसमध्ये आयपीएनएस नावाचा कायम पत्ता मिळतो, जो नव्या सीआयडीकडे वळवता येतो. तो आम्ही फक्त आमच्या अंकांच्या यादीसाठी वापरतो.

मोबाइलवर चालेल का?

डाउनलोडला चालेल. सीडिंगला बॅटरी आणि डेटा दोन्ही रडतील.

मशीन चोवीस तास चालू? विजेचं बिल?

जुना लॅपटॉप झाकण मिटून २० वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे महिन्याला १४-१५ युनिट. रास्पबेरी पायसारखं छोटं बोर्ड ५ वॉटवर साडेतीन युनिटमध्ये भागवतं, डिस्कचं वेगळं. चोवीस तासांची सक्तीही नाही. म्हापशाचे काका फक्त रात्री दहा ते सकाळी सहा चालू ठेवतात. राउटरला छोटा यूपीएस मात्र लावा.

किती प्रती असल्या की निर्धास्त झोपता येतं?

स्टॅनफर्डचा १९९९ पासूनचा लॉक्स हा ग्रंथालयांचा प्रकल्प आहे. भरपूर प्रती ठेवा म्हणजे माल सुरक्षित राहतो, हेच त्याचं नाव आणि तेच त्याचं धोरण. आमचा आकडा तीन घरं, दोन शहरं. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हजेरी: प्रत्येकाने सगळे टॉरेंट पुन्हा तपासायला लावायचे आणि किती १०० टक्के भरले ते सामाईक तक्त्यात लिहायचं. सीडरचा आकडा बघून समाधान मानू नका. पाच जणांनी नाव लावलेलं असतं आणि पाचही जण समजतात की बाकीचे चौघं बघतायत.

एखाद्याचं मशीन कायमचं गेलं तर?

गेलंय. मागच्या जूनमध्ये म्हापशाला वीज पडली, काकांचा राउटर, मशीन आणि जोडलेली डिस्क तिन्ही एका रात्रीत जळाली. टॉरेंटमध्ये असलेलं सगळं आम्ही चौघांनी नऊ दिवसांत परत भरून दिलं. काकांना फक्त नवी डिस्क आणि मॅग्नेट लिंकांची यादी लागली.

पण त्यांनी मे महिन्यात अकरा अंक स्कॅन केले होते. पानं तपासून झाली नव्हती, म्हणून टॉरेंट बनवला नव्हता. मूळ अंक घरात जागा नाही म्हणून रद्दीत दिले होते. आता न तपासलेलं कामही त्याच रात्री दुसऱ्या घरी जातं, सिंकथिंगने, आणि मूळ अंक तीन प्रती झाल्याशिवाय कोणी घराबाहेर काढत नाही.

त्या अकरा अंकांची नावं यादीत आहेत, समोर प्रतींच्या रकान्यात शून्य. तुमच्या माळ्यावर जुने अंकांचे गठ्ठे असतील तर आधी ती यादी बघा, रद्दीवाल्याला नंतर बोलवा.